वडशावरचे शब्दमेघ

ग्रंथालयशास्त्रात ‘संग्रहविकास’ नावाची एक गंभीर शाखा आहे आणि तिचा विषय असा, की हाताशी असलेल्या पैशांत कोणती पुस्तके घ्यावीत, कोणती घेऊ नयेत, घेतलेल्यांपैकी कोणती सांभाळावीत आणि कोणती निर्लेखित करावीत, म्हणजे नोंदवहीतून रीतसर कमी करावीत, याचा निर्णय वाचकांच्या गरजा नीट पाहून कसा करावा. या शाखेचे तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात दिसणारे रूप मात्र पुष्कळदा एवढेच असते, की फेब्रुवारी संपता संपता रक्कम मंजूर झाल्याचे पत्र येते, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात विक्रेत्यांच्या याद्या येतात, आणि ३१ तारखेच्या आत बिल लागले नाही तर पैसे परत जातील या एका धास्तीपुढे वाचकांच्या गरजा, अभ्यासक्रम, ग्रंथालय समितीचे ठराव आणि कपाटातली शिल्लक जागा ही सारी मंडळी मुकाट्याने मागच्या बाकावर जाऊन बसतात. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांतील शेवटचे सूत्र ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था असल्याचे सांगते. ती वर्षातले १५ दिवसच वाढते, हा पुढचा शोध मात्र लेखा विभागाचा आहे.

या शाखेच्या मदतीला अलीकडच्या काळात मजकूर-चित्रणाचे तंत्र आले. पुष्कळ मजकूर एकदम वाचणे माणसाला शक्य नसते, म्हणून त्यातील शब्द संगणकाकडून मोजून घ्यायचे आणि त्या मोजणीचे चित्र काढायचे, असे हे तंत्र थोडक्यात सांगता येते. त्याचा सर्वांत लोकप्रिय प्रकार म्हणजे शब्दमेघ: जो शब्द अधिक वेळा आला तो मोठ्या अक्षरांत, जो कमी वेळा आला तो बारीक, आणि सारे शब्द रंगीबेरंगी होऊन एकमेकांना चिकटून बसलेले. आयबीएम कंपनीत काम करणाऱ्या जोनाथन फाइनबर्ग यांनी २००८ मध्ये ‘वर्डल’ नावाचे असे ढग बनवणारे साधन सर्वांसाठी खुले केले; पुढे त्याच उच्चाराच्या नावाचे पाच अक्षरी कोडे जगभर गाजल्यामुळे आज ग्रंथालयशास्त्राचा विद्यार्थी ते साधन शोधायला निघतो आणि दुपारभर कोडे सोडवून परततो. दुसरा प्रकार शब्दजालाचा, ज्यात एकत्र येणारे शब्द रेघांनी जोडले जातात; नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठात तयार झालेले व्हॉसव्ह्यूअर हे साधन त्यासाठी वापरतात, आणि ग्रंथालयशास्त्रातील हल्लीच्या पुष्कळ प्रबंधांत त्याचे एखादे चित्र असतेच. संग्रहविकासासाठी या तंत्राचा शहाणा उपयोग असा सांगितला जातो, की कपाटातील शीर्षकांचे एक चित्र काढावे, अभ्यासक्रमाचे दुसरे आणि वाचक जे मागतात त्याचे तिसरे, आणि तिन्ही शेजारी ठेवून पाहावे. पहिल्यात जे ठळक आहे ते तिसऱ्यात कुठेच नसेल, तर पैसा कुठे गेला हे कळते.

वडसा या गावाला हे तंत्र वाटते तितके परके नाही. गडचिरोली जिल्ह्याला रेल्वे दीर्घकाळ ज्या एकाच स्थानकावर भेटत आली ते हे वैनगंगेच्या काठचे गाव धानाच्या गिरण्यांसाठी ओळखले जाते आणि त्याहून अधिक झाडीपट्टी रंगभूमीसाठी. दिवाळी सरली आणि मंडई नावाच्या जत्रांचे व शंकरपटांचे, म्हणजे बैलांच्या शर्यतींचे, दिवस आले, की चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांतील गावोगावच्या मंडळांची माणसे नाटक ठरवायला वडशाकडे येतात, कारण नाट्यकंपन्यांची कार्यालये येथे एकवटलेली आहेत. आणि या व्यवहारात भिंतीवर किंवा हातात जे पत्रक दिसते ते मजकूर-चित्रणाचा एक परिपूर्ण नमुना असते. त्यावर कंपनीचे नाव एका आकारात, नाटकाचे नाव दुसऱ्या, नायिकेचे तिसऱ्या, विनोदी नटाचे कधीकधी नायकाहून मोठ्या आणि लेखकाचे, शोधल्यास सापडेल इतक्या. अक्षराचा आकार येथे शब्द किती वेळा आला यावरून ठरत नसून कोणाच्या नावावर तिकीट खपते, कोण रुसण्याची शक्यता आहे आणि छापखान्यात उरलेली जागा किती, या तीन गोष्टींवरून ठरतो, आणि विशेष असे, की पत्रक पाहणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असते. नाव मोठे दिसले म्हणून काम मोठे असणार असे मंडपातला कोणीही प्रेक्षक मानत नाही. हे नाव कोणी मोठे केले, असाच प्रश्न त्याच्या मनात प्रथम येतो. शब्दमेघासमोर बसलेल्या विद्वानाच्या मनात हा प्रश्न सहसा येत नाही, आणि या तंत्रातल्या बहुतेक गमती तेथूनच सुरू होतात.

वडशासारख्या ठिकाणच्या कला-वाणिज्य महाविद्यालयाच्या दाखल नोंदवहीतील, म्हणजे खरेदी झालेले प्रत्येक पुस्तक ज्या जाड रजिस्टरात क्रमांक घेऊन दाखल होते त्यातील, सगळी शीर्षके संगणकाला दिली तर कोणते शब्द ठळक होतील, याचा अंदाज करायला संगणकाचीही गरज नाही. ‘भाग’, ‘सत्र’, ‘सुधारित’, ‘प्रश्नसंच’, ‘मूलतत्त्वे’, ‘संपूर्ण’ आणि ‘परिचय’ हे शब्द आकाशभर पसरतील. यांपैकी ‘संपूर्ण’ हा शब्द नेहमी सर्वांत पातळ पुस्तकाच्या मुखपृष्ठावर असतो, हे ग्रंथालयात काम केलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. ‘परिचय’ इतका अवाढव्य दिसण्याचे कारण असे, की अर्थशास्त्राचा परिचय, समाजशास्त्राचा परिचय, ग्रंथालयशास्त्राचा परिचय अशी ओळख करून देऊन संग्रह तेथेच थांबतो आणि ती ओळख पुढे वाढवायची कोणतीही सोय त्याच्याकडे नसते. त्यातच गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये नागपूर विद्यापीठापासून वेगळे काढून चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी स्थापन झाले. महाविद्यालये एका आदेशाने वेगळी झाली, कपाटांना तो आदेश पोहोचलाच असेल असे नाही. त्यामुळे चित्रात ‘नागपूर’ अजूनही ‘गोंडवाना’पेक्षा मोठे दिसले तर तो प्रादेशिक अन्याय न मानता निर्लेखनाची फाइल अडकल्याचा पुरावा मानावा.

येथवर सारे सुरळीत चालते ते चित्र मनातल्या मनात काढल्यामुळे. प्रत्यक्षात ते काढायला बसले, की पहिला सामना देवनागरीशी होतो. इंग्रजीवर पोसलेल्या अनेक साधनांना शब्द म्हणजे सलग अक्षरांची रांग एवढेच माहीत असते, आणि मराठीतला काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार व हलन्ताचे चिन्ह यांना त्यांच्या लेखी अक्षराचा दर्जा नसतो. पायथन या संगणकभाषेत मजकुरातून शब्द वेचण्यासाठी जी काही सूत्रे सर्रास वापरली जातात, त्यांपैकी काहींची रीत अशी आहे, की मात्रा दिसली की शब्द तोडायचा आणि सलग दोन किंवा अधिक शुद्ध अक्षरांचा तुकडा उरला तरच तो मोजायचा. ही रीत मराठी नोंदवहीला लावली असता जे घडते ते वरवर पाहता संगणकीय दोष असले, तरी त्याला समाजशास्त्रीय निरीक्षण म्हणण्याचा मोह आवरणे अवघड आहे. ‘ग्रंथालय’ या शब्दातून ‘लय’ एवढेच वाचते. ‘ग्रंथपाल’चे ‘थप’ होते. ‘वाचक’चे ‘चक’, ‘पुस्तक’चे ‘तक’, ‘समिती’चे ‘सम’ आणि ‘नाटक’चे ‘टक’ उरते. ‘हत्ती’ हा छत्तीसगडच्या बाजूने येऊन २०२१ पासून जिल्ह्यात वावरणारा प्राणी ‘हत’ होऊन पडतो, तर ‘वाघ’ पूर्णपणे नाहीसा होतो, आणि वडसा वनविभागातील गावांना एवढी सोपी उपाययोजना आजवर कोणी सुचवलेली नाही. ‘धान’ जाते, ‘भात’ जातो, ‘मोह’ जातो, ‘तेंदू’ जातो, ‘बांबू’ जातो. म्हणजे ज्या गोष्टींवर जिल्हा जगतो त्यांतील जवळजवळ सर्व काही गळून पडते आणि ‘वन’ मात्र, त्याला एकही मात्रा नसल्यामुळे, सरकारी दप्तरात असते तसे अखंड उरते. ‘विद्यार्थी’ हा शब्द तर समूळ अदृश्य होतो. जूनमध्ये प्रवेशाच्या रांगेत उभे असलेले तरुण ऑगस्टनंतर वर्गात का दिसत नाहीत याचा उलगडा अनेक चौकशी समित्यांना झाला नव्हता, तो असा अनपेक्षित बाजूने होतो.

हा दोष दुरुस्त करता येतो आणि जाणकार तो करतातही. मात्रांना अक्षरांबरोबर ठेवायला सांगणारी साधी सूचना दिली की ‘विद्यार्थी’ परत येतात. पण मग मराठीची विभक्ती पुढे येते. इंग्रजीत जंगलाला लागणारे सारे संबंध सुटे शब्द होऊन बाहेर उभे राहतात, मराठीत ते शब्दाच्या अंगाला चिकटतात. त्यामुळे ‘जंगल’, ‘जंगलात’, ‘जंगलाचा’, ‘जंगलातील’ आणि ‘जंगलावर’ हे संगणकाच्या दृष्टीने पाच अनोळखी शब्द होतात आणि पाचही बारीक अक्षरांत कोपऱ्यात जातात, तर ‘परिचय’ला शीर्षकात सहसा विभक्ती लागत नसल्यामुळे तो सगळी मते एकगठ्ठा घेऊन निवडून येतो. गावाची गतही अशीच होते. नगरपरिषद आणि तालुका देसाईगंजचा, रेल्वे स्थानक आणि वनविभाग वडशाचा, आणि पत्ता लिहिणारा सावध माणूस एक नाव लिहून दुसरे कंसात टाकणारा. अशा गावाविषयीच्या नोंदी मोजल्या, की दोन लहान गावे तयार होतात आणि शेजारचे एकाच नावाचे ब्रह्मपुरी दोघांवरही मात करून जाते.

अर्थाचा प्रश्न तर याहून बिकट. पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी तलावांना कागदोपत्री आणि बोलण्यातही ‘मामा तलाव’ म्हणतात. शब्दांची विषयवार गटवारी करणारे यंत्र या मामाला नातेसंबंधांच्या गटात नेऊन बसवते आणि जलसिंचनाच्या रकान्यात तलाव एकटाच उरतो. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी निवड करीत करीत धानाचा जो प्रसिद्ध वाण तयार केला, त्याला त्या काळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळावरून एचएमटी हे नाव पडले. या वाणाची साळ भरडणाऱ्या गिरण्या आसपास चालू असताना शब्दजाल मात्र एचएमटीची रेघ घड्याळे, यंत्रसामग्री आणि सार्वजनिक उद्योग यांच्याकडेच ओढील, कारण त्याने ज्या मजकुरावर शिक्षण घेतले त्यात खोब्रागडे क्वचितच आणि घड्याळे पुष्कळ. रोवणी, बांधी, बोडी, पऱ्हे हे इथल्या धानशेतीचे शब्द त्याला अशुद्धलेखन वाटतात, आणि काही दक्ष साधने ‘बोडी’ दुरुस्त करून ‘बॉडी’ करण्याची तयारीही दाखवतात.

या सगळ्या अडचणींतून पार पडलेला शब्दमेघ अखेर ग्रंथालय समितीपुढे येतो. ग्रंथालय समिती म्हणजे प्राचार्य, ग्रंथपाल आणि विविध विभागांचे प्राध्यापक यांचे असे मंडळ, जे पुस्तकखरेदीला मान्यता देते आणि आपल्या विभागाच्या वाट्याला इतरांपेक्षा कमी आले नाही ना, हे पाहते. याच समितीपुढे याआधी ४० पानांची यादी कित्येकदा ठेवलेली असते आणि ती शेवटच्या पानावर सही करण्यापुरतीच उघडली गेलेली असते. चित्राकडे मात्र सर्वजण पाहतात, आणि हा चित्राचा खरोखर मोठा गुण आहे, तो थट्टेत घालवू नये. यादी पाहून ज्याला काही वाटत नाही, त्याच माणसाला आपल्या विषयाचे नाव भिंतीवरच्या चित्रात मुंगीएवढे दिसले की तो खुर्चीत सरळ होतो. एवढे झाल्यावर चर्चा संग्रहाकडे वळावी अशी अपेक्षा असते, पण ती पुष्कळदा रंगांकडे वळते. हिरवा थोडा वाढवता येईल का, अशी सूचना येते. शब्दमेघ हव्या त्या आकृतीत बसवता येतो हे कळल्यावर तो जिल्ह्याच्या नकाशाच्या आकारात असावा, वाघाच्या असावा की संस्थापकांच्या अर्धपुतळ्याच्या, यावर मतभेद होतात. आणि नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या, भेटीपूर्वी ते चित्र चौकटीत बसवून प्रवेशद्वाराशी लावावे, असा ठराव एकमताने मंजूर होतो. चित्रात ‘परिचय’ सर्वांत मोठा असल्याने पाहुण्यांवर चांगला परिणाम होईल, असेही कोणाला तरी वाटून जाते. ज्या चित्राने संग्रहावर आरोप ठेवायचा, ते अशा रीतीने त्याचे सन्मानपत्र होते.

एवढे खरे, की संग्रहातील पुस्तके वाचली जात नाहीत हा काही वडशाचा किंवा महाराष्ट्राचा खास गुण नाही. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठात ॲलन केंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देवघेवीच्या नोंदी तपासून १९७९ मध्ये जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात १९६९ साली घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के पुस्तके पहिल्या ६ वर्षांत एकदाही कोणी घरी नेली नव्हती असे आढळले. तेथील प्राध्यापकांनी या निष्कर्षांवर जोरदार आक्षेप घेतले, यावरून प्राध्यापक ही जात सर्वत्र सारखीच, हे उपसिद्धान्त म्हणून मांडायला हरकत नाही. त्याच्याही आधी, १९६९ मध्ये, रिचर्ड ट्रूसवेल यांनी सुमारे ८० टक्के देवघेव सुमारे २० टक्के पुस्तकांवर चालते असे दाखवून दिले होते. तेव्हा नुसत्या शीर्षकांचे चित्र न काढता देवघेवीचे काढावे, म्हणजे जे पुस्तक जितक्या वेळा बाहेर गेले तितक्या वेळा त्याचे शब्द मोजावेत, ही दुरुस्ती वाजवी ठरते. पण वडशासारख्या ठिकाणी वाचनकक्षात सकाळपासून जागा धरून बसलेल्या मुलामुलींपैकी पुष्कळजण पोलीस भरती, वनरक्षक भरती आणि तलाठी भरती यांची पुस्तके घरूनच घेऊन येतात. ग्रंथालयाकडून त्यांना हवी असते ती खुर्ची, दिवा, पंखा आणि घरात न मिळणारी शांतता. यांपैकी कशाचीही नोंद देवघेवीत होत नाही, त्यामुळे ग्रंथालयाचा सर्वांत मनापासून होणारा वापर चित्रात शून्य दिसतो. पंख्याला दाखल क्रमांक असतो हे खरे, पण तो जडवस्तूंच्या नोंदवहीत.

जी मागणी काउंटरवर होते, तिचीही तीच कथा. विद्यार्थी लेखकाचे नाव सांगत नाही, शीर्षक सांगत नाही. ‘सर, त्या निळ्या पुट्ठ्याचं, पाठीमागं नकाशा असलेलं पुस्तक आलं का?’ एवढेच विचारतो, आणि ग्रंथालय परिचर, म्हणजे ज्याला सारे नुसत्या नावाने हाक मारतात आणि ज्याच्या पदनामाचा उच्चार फक्त वेतनपत्रकात होतो तो गृहस्थ, मान न वळवता उत्तर देतो की ते बांधणीला गेले आहे, मंगळवारी ये. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने विकसित केलेल्या सोल या ग्रंथालय संगणकप्रणालीत शीर्षक, लेखक, प्रकाशक, विषय, आवृत्ती असे सारे रकाने आहेत. पुट्ठ्याच्या रंगाचा रकाना असावा ही मागणी ग्रंथालयशास्त्राच्या कोणत्याही परिषदेत अद्याप पुढे आली नसावी, हे त्या शास्त्राचे आणि परिचराच्या अनुभवाचे एकमेकांशी किती बोलणे होते याचे द्योतक आहे. मागणीचा शब्दमेघ काढायचा तर ती या परिचराच्या तोंडून महिनाभर रोज संध्याकाळी लिहून घ्यावी लागेल. हा उपाय स्वस्त आणि अचूक आहे, आणि त्याला सॉफ्टवेअर लागत नसल्यामुळे तो कोणत्याही योजनेत बसत नाही.

चित्रातला सर्वांत मोलाचा भाग रिकामा असतो, कारण जे पुस्तक घेतलेच नाही त्याचा शब्द मोजला जात नाही. हा रिकामा भाग दिसण्यासाठी परिसरातल्या शब्दांचे वेगळे चित्र काढून ते संग्रहाच्या चित्रावर ठेवावे लागते. या परिसराविषयी लिहिलेच गेले नाही, अशी मुळीच परिस्थिती नाही. गडचिरोली ज्यातून १९८२ मध्ये वेगळा झाला त्या चंद्रपूर, म्हणजे पूर्वीच्या चांदा, जिल्ह्याचे गॅझेटियर १९०९ मध्ये निघाले. व्हेरियर एल्विन यांचा मुरिया आणि घोटुलविषयीचा ग्रंथ १९४७ चा आणि फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचा आदिलाबादच्या राजगोंडांवरचा १९४८ चा, म्हणजे शेजारच्या दोन्ही मुलखांतील गोंड समाजांवर इंग्रजीत दोन मोठी कामे उभी आहेत. मराठीत डॉ. राणी बंग यांचे आदिवासी स्त्रिया आणि झाडे यांच्या मैत्रीविषयीचे ‘गोईण’ आहे, आणि डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा शब्दकोश सिद्ध केला आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि तेव्हापासून त्यावर देशोदेशीच्या अभ्यासकांनी लिहिले. त्याच जिल्ह्यातला विद्यार्थी मात्र मेंढा-लेखा गाईडमधून, ‘टिपा लिहा, गुण ५’ या मथळ्याखाली शिकतो आणि ते गाव आपल्या आत्याच्या गावापासून फार लांब नाही हे त्याला परीक्षेनंतर कळते. हे ग्रंथ विक्रेत्याच्या मार्चमधल्या यादीत नसतात, कारण यादी सवलतीच्या टक्क्यांनुसार बनते आणि गाईडवर सूट अधिक असते. रिकाम्या जागेचे चित्र दाखवून समितीला एवढे पटवता आले, तरी मजकूर-चित्रणावर केलेला खर्च वसूल झाला असे म्हणावे. आणि तो खर्चही कागद व शाईएवढाच असतो, साधने फुकट मिळतात.

पण सर्वांत मोठी रिकामी जागा वडशाच्या स्वतःच्या शब्दांची आहे. झाडीपट्टीत दर हंगामात रात्र रात्र चालणारी नाटके होतात, या रंगभूमीवरील कामासाठी डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तिच्यावर प्रबंध लिहिले जातात. आणि यांपैकी पुष्कळ नाटकांची संहिता मात्र छापील पुस्तकाच्या रूपात कुठेच नसते, ती असते हस्तलिखित वहीत, आणि ती वही असते प्रॉम्प्टरच्या, म्हणजे पडद्याआड उभा राहून नटांना संवाद पुरवणाऱ्या माणसाच्या हाती. शब्दमेघाचा इशारा मानून एखाद्या ग्रंथालयाने ही वही संग्रहात घ्यायचे ठरवले, तर त्याला संग्रहविकासाचे खरे शिक्षण मिळू लागेल. खरेदीसाठी तीन दरपत्रके लागतात आणि वही जगात एकच आहे. तिला प्रकाशक नाही, आयएसबीएन म्हणजे आंतरराष्ट्रीय प्रमाण ग्रंथक्रमांक नाही, छापील किंमत नाही, त्यामुळे त्या किमतीवर किती टक्के सूट घेतली या लेखापरीक्षकाच्या प्रश्नाला उत्तर नाही. मेल्विल ड्यूई यांच्या दशांश वर्गीकरणात तिला मराठी नाटक म्हणून ८९१.४६२ मध्ये ठेवावे की रंगभूमी म्हणून ७९२ मध्ये, यावर ग्रंथपाल दोन दिवस विचार करील आणि दरम्यान ती टेबलावरून कोणीतरी वाचायला उचलील, जे त्या टेबलावरच्या इतर पुस्तकांच्या बाबतीत यापूर्वी झालेले नाही. ग्रंथालयाचा शिक्का एका ठरावीक गुप्त पानावर मारण्याची प्रथा आहे. तो नेमका त्या पानावर बसेल जेथे खलनायकाचा मोठा संवाद आहे.

याहूनही अवघड बाब देवघेवीची. दुर्मीळ वस्तू म्हणून वहीवर ‘संदर्भ, बाहेर नेण्यास मनाई’ अशी चिठ्ठी लागेल, आणि दिवाळी आली की कंपनीला तीच वही रोज रात्री वेगळ्या गावात लागेल. तडजोड म्हणून ती होळीपासून दिवाळीपर्यंत ग्रंथालयात आणि दिवाळीपासून होळीपर्यंत मंडपात राहावी असे ठरले, तर ग्रंथालयाच्या वाट्याला परीक्षा, उन्हाळी सुटी, रोवणीचे दिवस आणि प्रवेशाची गर्दी एवढेच महिने येतात, ज्यांत वाचनाची शक्यता सर्वांत कमी. तरी नियमाप्रमाणे तेही चालेल. वही न्यायची तर सदस्यत्व हवे, आणि सदस्यत्वाच्या अर्जात वर्ग, शाखा, हजेरी क्रमांक आणि अलीकडच्या काळातील एक छायाचित्र मागितलेले असते. यांतील पहिल्या तीन रकान्यांत प्रॉम्प्टरला ‘लागू नाही’ असे लिहिता येते. छायाचित्राचे काय करायचे हा प्रश्न समितीच्या पुढच्या सभेपुढे ठेवावा लागेल, कारण नाटकाच्या असतील-नसतील तेवढ्या फोटोंत तो विंगेत आहे.